चालू मोटरीवरची पाळी

“डबा चुकत नाही, दादा. त्याला सांगितलं तेवढंच तो करतो.”

हे मी फोनवर सहज बोलून गेलो. परभणीतल्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतो, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला होता. पलीकडून माझा मोठा भाऊ म्हणाला, “मंग झालं तर. मला येवढंच इच्यारायचं व्हतं.” त्यानं फोन ठेवला. मी उरलेले कपडे वाळत घालून खाली आलो. त्या वाक्यानं मी कोणाच्या गळ्यात काय बांधलं, हे मला पुढच्या रविवारी गावी गेलो तेव्हा कळलं.

आमचं गाव ताडकळसच्या पलीकडे आहे. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा त्यांनी जमीन वाटली, विहीर वाटली नाही. ती बांधावर आहे. वरच्या अंगाला आमचं वावर, खालच्या अंगाला काकांचं. आता वडीलही नाहीत आणि काकाही नाहीत. आमचं वावर दादा बघतो, खालचं माझा चुलतभाऊ बघतो. तो दादापेक्षा लहान आणि माझ्यापेक्षा मोठा आहे. मी त्याला भाऊ म्हणतो. विहिरीच्या पाण्याची पाळी ठरलेली आहे, एक दिवस वर आणि एक दिवस खाली. पण ठरलेली पाळी ठरल्याप्रमाणे क्वचितच जाते. कोणाला बाजार असतो, कोणाला गंगाखेडला लग्न असतं, कोणाचं भिजवणं लवकर उरकतं. मग पाळी उसनी दिली जाते आणि पुढे कधीतरी फेडली जाते. ते कोणी लिहून ठेवत नाही. दोघांच्याही ध्यानात असतं.

मी सी भाषेत प्रोग्राम लिहितो. यंत्रांच्या पोटात बसणारे, ज्यांना पडदा नसतो आणि की-बोर्डही नसतो, असे. बरीच वर्षं पुण्यात हेच केलं, आता परभणीत घरी बसून हेच करतो. खरं तर हल्ली लिहितो कमी आणि दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासतो जास्त. या भाषेत माहिती ठेवायला मेमरीत जागा लागली की ती आपण मागून घ्यायची आणि काम झालं की आपणच परत करायची. भाषा आठवण करून देत नाही. परत करायला विसरलं तर जागा अडकत जाते आणि यंत्र हळूहळू गुदमरतं. मागितली त्यापेक्षा जास्त लिहिलं तर शेजारच्या जागेत घुसखोरी होते. सगळ्यांत फसवी चूक मात्र तिसरीच. जागा परत करून टाकायची, पण तिचा पत्ता खिशात तसाच ठेवायचा, आणि नंतर कधीतरी आपलीच समजून त्या पत्त्यावर जायचं. ही फसवी अशासाठी, की बहुतेक वेळा तिथं जुनं सामान जागच्या जागी सापडतं. भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्याचं कॅलेंडर भिंतीवर लटकत असतं, तसं. आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. तरुण मुलांच्या कोडमधली ही चूक मी नुसती नजर फिरवून पकडतो, आणि पकडली की त्यांना थोडं ऐकवतोही.

डबा मी दादासाठी केला होता. शेतीची लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि मध्येच जाते. दादाचे गुडघे दुखायला लागले तसं त्याचं वेळी-अवेळी विहिरीवर जाणं मला बघवेना. बाजारात फोनवरून मोटर चालू करणारे डबे मिळतात, पण आमच्या विहिरीला दोन वावरं होती आणि दोन व्हॉल्व्ह होते. म्हणून मीच एक बसवला. दादानं किंवा भाऊनं डब्याला फोन लावून एक दाबलं की मोटर चालू होते आणि ज्याचा फोन त्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडतो. दोन दाबलं की बंद. डब्याला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे मध्ये लाइट गेली आणि परत आली, तर कोणाची पाळी चालू होती ते डबा आठवतो आणि त्याच्याच वावरात पाणी सोडतो. भाऊनं तेव्हा डब्याला हळद-कुंकू लावलं होतं आणि म्हणाला होता, “आता ह्योच आमचा तिसरा भाऊ.”

त्या रविवारी मी विहिरीवर गेलो, तर व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप दिसलं.

“हे कधी लावलं?” मी दादाला विचारलं.

“तुला फोन केला त्याच दिशी,” दादा म्हणाला. “माजी पाळी आसताना पानी खाली जायलंय. एकदा न्हाई, लय डाव झालं. लाइट गेली, आली, मी वावरात जाऊन बगतो तर माजे वाफे कोरडे अन् खालचा ऊस डुलायलाय.”

“तू भाऊला विचारलंस?”

“इच्यारलं की. म्हनला, मी व्हॉल्व्हला हात लावला न्हाई, तुजा डबाच चुकत आसंल. म्हनून तर तुला फोन केला. अन् मंग त्याला सांगितलं, ज्यानं डबा केला त्योच म्हनायलाय, डबा चुकत न्हाई.” दादानं कुलूप हलवून बघितलं. “कुलूप लावल्यापसून एकदा बी न्हाई झालं. आता तूच काय समजायचं ते समज.”

हे इथं लिहायला जड जातं, पण त्या क्षणी मला दादाचं खरं वाटलं. कुलूप लावलं आणि पाणी जायचं थांबलं, याहून सरळ पुरावा काय हवा? मनात भाऊबद्दल एक वाईट विचार येऊन गेला, आणि तो नुसता येऊन गेला नाही, थोडा वेळ बसलाही. भाऊचा ऊस यंदा उशिराचा होता, त्याला पाण्याची गरज होती, हेही मी हिशेबात धरलं.

खाली गेलो तर भाऊ बांधावर बसून विळ्याची धार बघत होता. एरवी मला लांबून बघितलं की तो शिवी घालून हाक मारतो. आज मान वर करून म्हणाला, “या, इंजिनिअर सायेब. बसा. तुमाला बसायला खुर्ची न्हाई आमच्याकडं.”

“भाऊ, मला तुमी कधीपासून म्हणायला लागलास?”

“मोठ्या मानसाला तुमीच म्हनावं. तुमच्या एका फोनवर मानूस चोर ठरायलाय, म्हंजे लय मोठी गोष्ट हाय की.”

मी बांधावर टेकलो. थोड्या अंतरावर उसाच्या कडेला चार दगड गोल मांडून ठेवलेले होते आणि मध्ये हळद-कुंकू वाहिलेलं होतं. मी तिकडं बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

“पानाड्या येऊन गेला,” तो म्हणाला. “तळहातावर नारळ घेऊन सगळं वावर हिंडला. तितं उभा ऱ्हायला नारळ. बाजार झाला की बोअरची गाडी येनार हाय. मंग तुमची ईर तुमाला. कुलूप लावा न्हाईतर राखनीला पितळंचा नाग बसवा.”

“विहीर सोडणार? काकांनी खणली ती.”

“दोघांनी खनली,” भाऊ म्हणाला. मग तो विळ्यावर दगड घासायला लागला.

परभणीला परत येताना मोटरसायकलवर माझ्या डोक्यात एवढंच होतं, की भाऊ म्हणतो तसं डबा चुकला असेल का, हे मी तपासलंच नव्हतं. दादानं विचारलं आणि मी कपडे वाळत घालता घालता उत्तर दिलं. कंपनीतल्या एखाद्या मुलानं असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

घरी डब्याची जोड होती, बसवण्याआधी चाचणीसाठी केलेला तसाच दुसरा डबा. ती टेबलावर मांडली. मोटरीच्या जागी एक पंखा लावला आणि व्हॉल्व्हच्या जागी दोन बल्ब, वरच्या वावराला पिवळा आणि खालच्याला पांढरा. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, “दिवाळी परत आणली का?” मी तिला काय झालं ते सांगितलं. ती कप ठेवून एवढंच म्हणाली, “भावजी पाणी चोरायचे नाहीत हो. आपल्या घरी जेवायला आले तरी पोळी मागून घेत नाहीत.” मी म्हणालो, “बघू, काय निघतंय.” हे उत्तरसुद्धा मला आता टोचतं.

मग चुका निघायला लागल्या, आणि त्या बघून मी ओशाळलो. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी त्याच्यासाठी थोडी जागा मागत होतो आणि नंबर नाकारल्यावर ती परत करत नव्हतो. कर्जवाल्यांचे आणि जाहिरातीचे फोन काय कमी येतात? डबा अधूनमधून सुस्तावतो आणि दादा बॅटरीसकट त्याच्या वायरी काढून परत लावतो, ते यामुळे. दुसऱ्या एका ठिकाणी जागा मागितली होती, पण ती मिळाली की नाही हे न बघताच तिच्यात लिहायला घेतलं होतं. आणखी एका ठिकाणी नंबर ठेवायची जागा नेमकी नंबराएवढीच धरली होती. शेवटी नंबर संपला हे सांगणारी जी एक खूण लागते, तिला जागाच नव्हती. प्रत्येक चूक सापडली की वाटायचं, हीच ती. मग ती दुरुस्त करून कागदावर मांडून बघायचो, तर यातली एकही चूक दादाचं पाणी भाऊच्या उसात सोडत नव्हती.

मेमरीवर पहारा ठेवणारं एक साधन असतं. प्रोग्राम कंप्युटरवर चालवायचा आणि ते सोबत चालतं. परत केलेल्या जागेला कुणी हात लावला की लगेच बोंब मारतं. तेही लावलं. दादाची पाळी सुरू केली, लाइट घालवली, आणली, पाळी संपवली. भाऊची पाळी सुरू केली, लाइट घालवली, आणली, संपवली. नाना तऱ्हांनी केलं. पहारेकरी गप्प होता. पिवळा बल्ब दादाचा होता तेव्हा पिवळाच लागत होता, पांढरा भाऊचा होता तेव्हा पांढराच.

म्हणजे डबा चुकत नव्हता. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं भाऊला अडकवून मिळत होतं, हे कळायला मला एक जेवण आणि दुपारची झोप लागली. उठल्यावर एक साधी गोष्ट सुचली. पहारेकरी फक्त त्याच्यासमोरून जे जाईल तेच बघतो. त्याच्यासमोरून काय न्यायचं, हे मी ठरवत होतो. विहिरीवर ते मी ठरवत नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी रजा टाकली, लॅपटॉप पाठीला लावला आणि सकाळीच गाव गाठलं. दादाला म्हणालो, “तू नेहमीसारखं भिजव. मी नुसता बसणार आहे.”

“बस की,” दादा म्हणाला. “पगारी बसायलास, आमाला काय.”

मी विहिरीजवळच्या लिंबाखाली बसलो. दिवसाची लाइट होती आणि दादाची पाळी होती. त्यानं फोन लावून एक दाबलं, मोटर लागली, पाणी गव्हाकडे निघालं. खाली भाऊ उसाचं पाचट ओढत होता. दोघांमध्ये हाकेचं अंतर होतं आणि कोणी हाक मारत नव्हतं. वहिनी भाकरी घेऊन आल्या, त्यांनी भाऊच्या वावराकडं एकदा बघितलं आणि परत गेल्या. तासन्‌तास मी मोटरीचा एकसुरी आवाज ऐकत बसलो होतो.

दुपारी दादाचा गहू उरकला. लाइट अजून होती. दादा बांधावर येऊन उभा राहिला, खालच्या अंगाला तोंड करून. थोडा वेळ नुसताच उभा होता. मग त्यानं खांद्यावरची दस्ती काढली आणि डोक्यावर दोनदा हलवली.

हे आमच्याकडं काकांपासूनचं आहे. माझं झालं, पाणी तू घे, असा त्याचा अर्थ. बोलणं बंद होतं, पण चालू लाइटीचं पाणी वाया घालवणं दोघांनाही जमत नव्हतं. भाऊनं ते बघितलं. बघून परत पाचट ओढायला लागला. मला वाटलं, घेत नाही तो. पण थोड्या वेळानं त्यानं कमरेचा फोन काढला, बटण दाबलं आणि परत खोचला.

खड्ड्यात व्हॉल्व्ह फिरल्याचा आवाज आला. पाणी खाली वळलं. मोटरीचा आवाज मात्र होता तसाच चालू राहिला.

मी उठून उभा राहिलो. “दादा, तू दोन दाबलं नाहीस?”

“कशाला?”

“तुझी पाळी संपली ना? आधी तू बंद करायची, मग त्यानं चालू करायची.”

दादानं माझ्याकडे असं बघितलं, की मी कुठल्या देशातून आलोय. “चालती मोटर कोन बंद करतंय रे? दुपारी समद्या शिवाराच्या मोटरी लागल्याल्या आसतात. व्होल्टेज न्हाई. एकदा बंद केली की परत उचलत न्हाई, नुस्ती गुरगुर करती. जळली म्हंजे?”

“मग नेहमी असंच देता? चालू मोटरीवर?”

“न्हाईतर कसं देनार? आता कुलूप लावल्यापसून त्यो उसनं पानी घेत नव्हता, देत बी नव्हता. आज पैल्यांदाच घेतलं.” एवढं बोलून तो खड्ड्याच्या झाकणावर बसला.

कुलूप लावल्यापासून पाणी खाली जायचं थांबलं होतं, खरं. पण कुलूप लावल्यापासून उसनी पाळीही थांबली होती. मी टेबलावर एक पाळी संपवायचो आणि मगच दुसरी सुरू करायचो, कारण माझ्या डोक्यात पाळी म्हणजे तशीच होती. चालू मोटरीवर एकाची पाळी दुसऱ्यानं घ्यायची, यासाठी मी कधीतरी घाईघाईत चार ओळी लिहिल्या होत्या. असं क्वचित होईल, असं वाटलं होतं. विहिरीवर ते रोज होत होतं.

लॅपटॉप काढला, विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि त्या ओळी उघडल्या. चालू मोटरीवर दुसऱ्याचा फोन आला की मी त्याच्या पाळीसाठी नवी जागा घेत होतो आणि आधीच्याची जागा परत करत होतो. इथपर्यंत बरोबर. पण लाइट आल्यावर कोणाची पाळी होती हे बघणारा जो भाग होता, त्याच्या खिशात पत्ता जुन्याच जागेचा राहत होता. तो मी बदललाच नव्हता. लाइट आली की तो त्या सोडलेल्या जागेवर जायचा, आणि तिथं भिंतीवर जुनं कॅलेंडर तसंच लटकत असायचं. भाऊनं दादाला चालू मोटरीवर पाणी दिलं आणि नंतर लाइट जाऊन आली, तर डबा तिथं भाऊचं नाव वाचायचा आणि खालचा व्हॉल्व्ह उघडायचा.

तिथंच बसून ती चाचणी लिहिली. भाऊची पाळी, चालू मोटरीवर दादाला, लाइट गेली, लाइट आली. पहारेकऱ्यानं पडदा लाल अक्षरांनी भरून टाकला. इतके दिवस गप्प बसलेला तो, मी विचारल्याबरोबर बोलला. चूक दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. जागा परत करतानाच तिचे सगळे पत्ते पुसायचे आणि नवा पत्ता लिहायचा, हे काम आता एकाच ठिकाणी होईल असं केलं. परत चाचणी केली. पडदा शांत राहिला.

लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात मनात आलं, की हे उलटंही होत असणार. चूक माणूस ओळखत नाही. भाऊनं दादाला दिलेल्या पाळीचं पाणी लाइट आल्यावर भाऊकडं जात असेल, तर दादानं भाऊला दिलेल्या पाळीचं पाणी दादाकडं गेलं पाहिजे. आज दादानं दिली तशा पाळीचं. मग भाऊची तक्रार कशी नाही? चाचणी उलटी करून बघितली. जुन्या कोडवर पहारेकरी तितक्याच जोरात ओरडला.

मी खाली भाऊकडं गेलो. तो पाणी धरत होता, हातात खोरं होतं.

“भाऊ, एक विचारतो. तुझ्या पाळीत लाइट जाऊन आली, आणि पाणी वर दादाच्या वावरात गेलं, असं कधी झालं का?”

त्यानं खोरं मारून एक वाफा फोडला, पाणी आत घेतलं. “काहून?”

“सांग ना.”

“झालं की.” दुसरा वाफा बंद केला. “दिवाळीपसून दोन-चार डाव झालं आसंल.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलायचं?” तो खोऱ्यावर हात टेकून उभा राहिला. “दादाचा गहू निसवायला आलता, ओंब्या बाहेर पडायल्या व्हत्या. म्हनलं, नड आसंल, घेतलं आसंल. सांगायला लाजला आसंल. घरातलंच पानी हाय, कुटं गोदावरीत गेलं का?”

माझ्या डब्यानं दोघांना सारखंच फसवलं होतं. एकानं कुलूप लावलं होतं. दुसऱ्यानं गप्प राहून पाणी देऊन टाकलं होतं, आणि तोच चोर ठरला होता. आणि हे ठरवताना साक्ष माझी होती.

“भाऊ, चूक माझी आहे,” मी म्हणालो आणि सांगितलं. पत्ता, जागा, कॅलेंडर, सगळं. त्याला कळलं की नाही माहीत नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. “आणि अजून एक. त्या दिवशी मलाही वाटलं होतं, की तूच केलं असशील.”

“ठाव हाय,” भाऊ म्हणाला. “तुज्या तोंडावर दिसत व्हतं. लहानपनापसून तुला लपवता येत न्हाई.” मग खोरं उचलून म्हणाला, “मला काय सांगायलास? वर जाऊन त्याला सांग.”

“तूही चल.”

“म्या न्हाई येत. पानी धरायलोय.”

मी एकटाच वर गेलो. दादा झाकणावर बसून विडी ओढत होता. त्याला सांगितलं. आधी डब्याचं, मग उलट्या पाण्याचं, मग भाऊ काय बोलला ते. पहिलं ऐकताना तो मान हलवत होता. शेवटचं ऐकताना विडी हातातच विझली.

“म्हंजे डबा चुकला,” तो म्हणाला.

“डबा नाही दादा. त्याला मी सांगितलं तेच त्यानं केलं. मी चुकीचं सांगितलं होतं.”

“अन् कंपनीला बी आसंच करून देतूस का?”

“देत असेन,” मी म्हणालो. “आता तिथलंही बघावं लागेल.”

त्यानं खालच्या वावराकडं बघितलं. भाऊ पाठमोरा होता, वाफ्यावरून वाफ्यावर सरकत होता. मग दादानं कमरेच्या कडदोऱ्यातून चावी काढली, झाकणाचं कुलूप काढलं आणि ते विहिरीत टाकून दिलं. चावी मात्र हातात राहिली. ती काय करावी, हे त्याला सुचेना. शेवटी ती माझ्या हातात दिली.

मी डब्यात नवा प्रोग्राम भरत होतो तेव्हा तो बांध उतरून खाली गेला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मोटर चालू होती. एवढंच दिसलं, की दादानं खोरं मागितलं आणि भाऊनं ते दिलं नाही. मग दादा तिथंच बांधावर बसून राहिला आणि भाऊ पाणी धरत राहिला. मला निघायचं होतं, म्हणून मी दोघांनाही हात केला. भाऊ ओरडला, “ये इंजिनिअर, जाताना इरीत बगून जा, तुज्या भावानं कुलूप टाकलंय. पायपाच्या तळाच्या फुटवालात आडकलं तर काडायला तूच उतरायचं!”

भाऊ मला परत तू म्हणायला लागला, हे मी ताडकळस मागं पडेपर्यंत मनात घोळवत होतो.

बाजार झाला, त्यानंतरही बरेच दिवस मी फोन केला नाही. बोअरची गाडी आली का, हे विचारायचं धाडस होत नव्हतं. दादाही त्याबद्दल बोलला नाही. या काळात मी कंपनीच्या कामातला माझा जुना कोड उघडून बसलो. तरुण मुलांना सांगितलं, की तपासायला आधी माझं घ्या, आणि चाचणी लिहिण्याआधी यंत्र ज्याच्या दारात आहे त्याला जाऊन विचारा, तो ते कसं वापरतो. एका मुलीनं माझ्या दोन चुका काढल्या. सांगताना ती बिचारी अडखळत होती. मी तिला म्हणालो, लवकर सांग, उशीर झाला की माणसं भांडतात. तिला ते कळलं नसावं.

होळीच्या आसपास गावी गेलो. आधी विहिरीवर न जाता खालच्या वावराकडं वळलो. पानाड्यानं दाखवलेल्या जागेवरचे चार दगड बाजूला सारलेले होते. मध्ये, जिथं नारळ उभा राहिला होता, तिथं एक खुंटा ठोकला होता आणि त्याला भाऊची म्हैस बांधलेली होती. ती वैरण खात होती. वर बांधावर कोणाचीतरी दस्ती हलत होती, आणि मोटर न थांबता चालू होती.

चावी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, डब्याच्या जोडीशेजारी. तिचं कुलूप विहिरीच्या तळाला आहे. कोणी मला एखाद्या यंत्राबद्दल खात्री विचारली, की मी आधी खण उघडतो आणि म्हणतो, तपासून सांगतो.